घरची आघाडी पाहायला मुलांना संग्रहालयात नेताना

दुसऱ्या महायुद्धाचा धडा सुरू झाला की ब्रिटनमधील प्राथमिक शाळांच्या वह्यांमध्ये सर्वप्रथम विमाने, रणगाडे आणि बॉम्ब उतरतात. ते स्वाभाविक आहे, कारण युद्ध म्हटले की लढाईचेच चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर येते. परंतु त्याच सहा वर्षांत रणांगणापासून दूर, स्वयंपाकघरात, वर्गात, दुकानासमोरच्या रांगेत आणि हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी परसात बांधलेल्या निवाऱ्यात आणखी एक युद्ध चालू होते. त्याला येथे ‘होम फ्रंट’ म्हणतात. आपण त्याला घरची आघाडी म्हणू. या आघाडीवर दहा वर्षांची मुलेही होती, म्हणून तिचा इतिहास आजच्या दहा वर्षांच्या मुलांना खरोखर भिडू शकतो. मात्र त्यासाठी संग्रहालयाची भेट विचारपूर्वक आखावी लागते. मी इंग्लंडमधील एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि अशा अनेक सहली मी नेल्या आहेत. येथील शाळांमध्ये शिकवणारे मराठी शिक्षक, तसेच मदतनीस म्हणून सहलीबरोबर जाणारे मराठी पालक यांना उपयोग व्हावा, या हेतूने त्या अनुभवातून सुचलेले पुढे मांडत आहे.

आधी प्रश्न ठरवावा, मग संग्रहालय

बहुतेक सहली उलट्या क्रमाने आखल्या जातात. जवळचे संग्रहालय कोणते, बस किती वाजता मिळेल आणि डबे कुठे खाता येतील हे आधी ठरते, आणि मुलांनी तेथे काय शोधायचे याचा विचार शेवटच्या आठवड्यात होतो. परिणामी मुले दोन तासांत शंभर वस्तूंसमोरून जातात आणि घरी गेल्यावर त्यांतील एकही त्यांना नीट आठवत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की एका भेटीला एकच प्रश्न पुरेसा असतो आणि तो एका घरापुरता असावा. ‘युद्धकाळात ब्रिटनमध्ये जीवन कसे होते?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘या घरातल्या आईला आठवडाभराचा स्वयंपाक कसा भागवावा लागत असेल?’ हा प्रश्न मुलाच्या हाती मावतो, आणि त्याच्या उत्तरासाठी त्याला वस्तूंकडे बारकाईने पाहावेच लागते.

असे प्रश्न साधारणपणे तीन धाग्यांमधून निघतात: ताटात काय पडत होते, रात्र कशी निघत होती आणि आईवडील व मुले यांची ताटातूट कशी झाली. यांपैकी एक धागा निवडावा आणि उरलेले दोन वर्गात शिकवावेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक वर्गांसाठी १०६६ नंतरच्या काळातील एखादा विषय शाळेने निवडायचा असतो आणि ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चा (१९४० मधील ब्रिटनवरच्या हवाई लढाईचा) उल्लेख तेथे केवळ उदाहरण म्हणून येतो, म्हणजे धागा निवडण्याची मोकळीक शिक्षकांना आहे, आणि ती वापरावी.

प्रश्न ठरला की संग्रहालयाची निवड सोपी होते. लंडनमध्ये लँबेथ येथील इम्पीरियल वॉर म्युझियम मोठे आहे, त्याला प्रवेश शुल्क नाही आणि तेथील दुसऱ्या महायुद्धाच्या दालनांत घरची आघाडी व्यापक युद्धाच्या संदर्भात पाहायला मिळते. त्याच संस्थेच्या चर्चिल वॉर रूम्स, म्हणजे पंतप्रधान चर्चिल यांची युद्धकाळातील भूमिगत कार्यालये, अतिशय प्रभावी असल्या, तरी त्या राज्यकर्त्यांच्या युद्धाबद्दल आहेत. ताटाचा किंवा ताटातुटीचा प्रश्न घेऊन तेथे जाऊ नये. उत्तर यॉर्कशायरमध्ये मॉल्टनजवळ ईडन कॅम्प आहे. तो मूळचा युद्धकैद्यांचा तळ असून तेथील बराकींमध्ये एकेक विषय स्वतंत्रपणे मांडला आहे, त्यामुळे निवडक दोन-तीन बराकी पाहून परत येणे शक्य होते. रात्रीचा प्रश्न घेतला असेल, तर स्टॉकपोर्ट येथील हवाई हल्ल्यांपासूनच्या आश्रयाचे बोगदे पाहावेत. शहराखालच्या लाल वाळूखडकात ते खोदलेले असून हजारो लोकांनी तेथे रात्री काढल्या आहेत. डरहॅम परगण्यातील बीमिश येथे १९४० च्या दशकातील शेतघर आहे, आणि अन्नाच्या प्रश्नासाठी त्याच्याइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल. मोठ्या नावाच्या मोहात न पडता आपल्या गावातील लहान संग्रहालयही अवश्य विचारात घ्यावे. तेथील वस्तू थोड्या असल्या, तरी त्या ज्या रस्त्यांवरून आल्या ते रस्ते मुलांच्या पायाखालचे असतात.

मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकाने एकदा एकट्याने जाऊन यावे. शाळेच्या गटाचे आरक्षण केलेल्या शिक्षकाला अनेक संग्रहालये अशी पूर्वपाहणी विनामूल्य करू देतात. या फेरीत दालने पाहण्यापेक्षा वेळ मोजणे अधिक महत्त्वाचे असते: प्रवेशद्वारापासून डगले ठेवण्याच्या जागेपर्यंत तीस मुलांना किती मिनिटे लागतील, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, अंधाऱ्या किंवा मोठ्या आवाजाच्या खोल्या कोणत्या आहेत आणि त्या टाळून पुढे जाण्याची वाट आहे का, याची नोंद करावी. शाळेला लागणारे जोखीम-मूल्यांकनही याच नोंदींवरून लिहावे. तयार नमुन्यावरून उतरवलेल्या कागदात तो जिना आणि ती अंधारी खोली येत नाही.

आठवडाभर आधी वर्गात

संग्रहालयात पाय ठेवण्यापूर्वी मुलांच्या मनात मापे बसलेली असावीत, असा माझा आग्रह असतो. काचेमागचा निवारा पाहून ‘लहान आहे’ एवढेच मूल म्हणते. त्या मापात स्वतः बसलेले मूल तोच निवारा वेगळ्या डोळ्यांनी पाहते.

यासाठी शाळेच्या पटांगणावर खडूने अँडरसन निवाऱ्याचा आराखडा काढावा. पुढे गृहमंत्री झालेले सर जॉन अँडरसन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा निवारा पन्हाळी पत्र्यांचा असे. त्याची लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट आणि उंची सहा फूट होती. तो परसात खड्डा खणून अर्धाअधिक जमिनीत बसवत आणि वरून मातीचा जाड थर देत. वर्षाला २५० पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तो फुकट मिळे, इतरांना ७ पौंड पडत. एवढ्या जागेत सहा माणसांनी रात्र काढायची असे. खडूच्या चौकोनात सहा मुलांना बसवावे आणि दहा मिनिटे बोलू न देता बसू द्यावे. पहिल्या दोन मिनिटांत हसू येते, चौथ्या मिनिटाला कोणाचा तरी गुडघा कोणाच्या तरी पाठीत रुततो, आणि सातव्या मिनिटाला एखादे मूल हळूच विचारते, ‘बाथरूमला जायचे झाले तर?’ हाच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा आणि संग्रहालयात त्याचे उत्तर शोधायला सांगावे. तेथे एखाद्या निवाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलेली बादली दिसली की इतर मुले पुढे निघून जातात. आपली मुले मात्र तिच्यासमोर थांबतात.

ज्यांच्याकडे परस नव्हते त्यांच्यासाठी मार्च १९४१ पासून मॉरिसन निवारा आला. तो लोखंडी टेबलासारखा असून त्याच्या बाजूंना जाळी असे. दिवसा त्यावर जेवायचे आणि रात्री त्याखाली झोपायचे. वर्गातल्या टेबलाखाली तीन मुलांना झोपवून पाहिले की हा निवारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अन्नाचा धागा घेतला असेल, तर तराजू वर्गात आणावा. ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर यांचे रेशनिंग सुरू झाले आणि पुढे त्यात चहा, मांस, चीज यांची भर पडत गेली. प्रमाण वेळोवेळी बदलत असे. तरी एका प्रौढ व्यक्तीला आठवड्याला साधारण ५७ ग्रॅम लोणी, ५७ ग्रॅम चहा, ११३ ग्रॅम बेकन, २२७ ग्रॅम साखर, थोडे चीज आणि एक अंडे मिळत असे. हे आकडे फळ्यावर लिहून काही साधत नाही. लोण्याचा ५७ ग्रॅमचा तुकडा कापून बशीत ठेवावा आणि सोमवार ते रविवार असे त्याचे सात भाग करायला सांगावे. सातवा भाग पाहून वर्गात जी शांतता पसरते, ती आकड्यांनी पसरत नाही. शाकाहारी म्हणून नोंद असलेल्यांना मांसाऐवजी जास्त चीज मिळे, ही गोष्ट आपल्या घरांतून आलेल्या मुलांना विशेष जवळची वाटते. युद्ध चालू असताना पाव आणि बटाटे यांवर रेशन नव्हते. पाव रेशनवर आला तो युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये. अखेरचे निर्बंध ४ जुलै १९५४ रोजी उठले. ‘१९४५ साली सगळे संपले’ अशी मुलांची पक्की समजूत असते. ती संग्रहालयात जाण्यापूर्वीच दूर करावी.

पोशाखाचा दिवस ठेवावा की नाही, हे शाळा ठरवते. अनेक शाळा मुलांना त्या काळचे कपडे घालून, गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्यावर खोक्यातला गॅस मास्क असे यायला सांगतात. मला त्यात गैर वाटत नाही, परंतु पालकांना नवे कपडे विकत घ्यायला लावणे मूळ विषयाच्याच विरोधात जाते. जून १९४१ पासून कपडेही कूपनांवर मिळू लागले; पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने होती आणि पुरुषाच्या एका सुटालाच सुमारे २६ कूपने खर्च होत. म्हणून पालकांना पाठवायच्या पत्रात स्पष्ट लिहावे की घरात जे आहे, मोठ्या भावाबहिणीचे आहे किंवा शिवून नीट केलेले आहे तेच चालेल.

ज्या मुलांनी खरे भोंगे ऐकले आहेत

या भागावर थोडे थांबून लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण येथे माझी स्वतःची चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात आमचा वर्ग निवाऱ्याच्या प्रतिकृतीत बसला असताना दिवे मंद झाले आणि हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला. तो आवाज चढत-उतरत जाणारा असतो; धोका टळल्याचा भोंगा मात्र एकसुरी असतो. इतर मुले उत्साहाने ओरडली. एक मुलगा मात्र दोन्ही कान दाबून जमिनीवर बसला आणि थरथरू लागला. काही महिन्यांपूर्वीच त्याचे कुटुंब युद्ध चालू असलेल्या देशातून येथे आले होते आणि त्याने हा आवाज खऱ्याखुऱ्या रात्री ऐकला होता. संग्रहालयाने आवाजाची पूर्वसूचना दिली होती. ती वाचूनही मला त्या मुलाची आठवण झाली नव्हती. मी त्याला घेऊन बाहेर आले, आणि उरलेला तासभर आम्ही दोघे अंगणातल्या बाकावर बसून होतो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी न चुकता करते. ज्या मुलांनी युद्ध, विस्थापन किंवा घरातील अलीकडचा मृत्यू अनुभवला आहे, त्यांच्या पालकांशी सहलीपूर्वी प्रत्यक्ष बोलते आणि तेथे काय दिसेल, काय ऐकू येईल हे सांगते. सर्व मुलांना भोंग्याचा आवाज आदल्या दिवशी वर्गात, दिवे लावून, हळू आवाजात ऐकवते, म्हणजे तो कोणालाही अचानक येत नाही. आणि आवाजाच्या खोलीत न जाणाऱ्या मुलांसाठी एक मोठी व्यक्ती आणि एक खरे काम वेगळे ठेवते. केवळ ‘तू बाहेर थांब’ असे सांगितले, तर त्या मुलाला ती शिक्षा वाटते. संग्रहालयाशी आधी बोलल्यास बहुतेक ठिकाणी भोंगा बंद ठेवण्याचीही सोय होते. त्यासाठी संकोच करू नये.

अशा मुलांना वर्गासमोर ‘तू सांग, कसे वाटते ते’ असे कधीही म्हणू नये. त्यांना स्वतःहून सांगायचे असेल तर ती सांगतात, आणि तेव्हा ऐकून घ्यावे.

संग्रहालयातला दिवस

मुलांचे पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठी व्यक्ती असावी. किती मुलांमागे किती मोठी माणसे लागतील, हे संग्रहालय आरक्षणाच्या वेळी सांगते. मदतनीस पालकांना सकाळी बसमध्ये कागद हाती देऊ नये. दोन दिवस आधी शाळेत बोलावून प्रश्न कोणता आहे आणि कोणत्या चार-पाच वस्तूंसमोर थांबायचे आहे, हे समजावून सांगावे. पालकांकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उत्तर देऊन टाकणे. मूल वस्तूकडे पाहत असते, तेवढ्यात मागून कोणीतरी फलक मोठ्याने वाचते आणि मुलाचे पाहणे थांबते. मदतनिसाने मुलाला आधी ‘तुला काय दिसते?’, मग ‘कशावरून?’ आणि शेवटी ‘हे वापरणारे कोण असेल?’ एवढेच विचारावे. फलक त्यानंतर वाचावा.

रिकाम्या जागा भरायच्या वर्कशीटबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अशी कागदपत्रे हाती दिली की मुलांची नजर वस्तूवरून उठते आणि फलकावरच्या शब्दांवर जाते, कारण उत्तर तेथे असते. त्याऐवजी एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि एका वस्तूचे चित्र काढण्यासाठी पंधरा मिनिटे द्यावीत. चित्र काढताना मूल जे पाहते ते अन्य कोणत्याही उपायाने पाहत नाही.

वस्तू हाताळण्याचे सत्र उपलब्ध असेल, तर ते अवश्य घ्यावे आणि शक्यतो सकाळी घ्यावे, कारण दुपारी मुलांचे हात आणि मन दोन्ही थकलेले असतात. अशाच एका सत्रात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या हातात निळ्या मुखपृष्ठाचे रेशन बुक आले. प्रौढांची पुस्तिका फिकट बदामी रंगाची, पाच वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांची हिरवी, आणि पाच ते सोळा वर्षांच्या मुलांची निळी असे. तिने पान उलटले, तेव्हा छापील चौकोनांवर दुकानदाराने मारलेल्या फुल्या दिसल्या, काही शाईच्या, काही पेन्सिलीच्या. आणि एका आठवड्याच्या रांगेत एक चौकोन तसाच कोरा राहिलेला होता. त्या मुलीने पुस्तिका कोणत्या सालची हे विचारले नाही. ‘त्या आठवड्यात ती आजारी होती का?’ असे विचारले. संग्रहालयातील शिक्षिकेने प्रामाणिकपणे सांगितले की ते कळण्याचा मार्ग नाही, आणि मग सर्व गटाने मिळून पाच शक्यता मांडल्या: आजारपण, पैसे नसणे, दुकानात माल नसणे, गावाला जाणे, दुकानदाराचे विसरणे. इतिहासाचा अभ्यास म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत माझ्या वर्गाला जितके कळले तितके मी वर्षभरात सांगू शकले नव्हते.

त्याच टेबलावर एक लोकरी मोजाही होता. त्याची टाच इतक्या वेळा रफू केलेली होती की मूळची राखाडी लोकर एका बाजूला थोडीशीच उरली होती आणि बाकीची टाच तपकिरी, हिरव्या आणि निळ्या धाग्यांची झाली होती. जुने कपडे नीट करून वापरण्याची सरकारी मोहीम तेव्हा जोरात होती, आणि तिची रंगीत भित्तिपत्रके जवळजवळ प्रत्येक संग्रहालयात पाहायला मिळतात. परंतु भित्तिपत्रक सांगते ते सरकारला काय हवे होते. कोणीतरी दिव्याजवळ बसून खरोखर काय केले, हे त्या मोज्यावरून कळते. मुलांना हा फरक अवश्य दाखवावा.

गॅस मास्कबाबत एक महत्त्वाची सावधगिरी आहे. १९३९ पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटले गेले होते, त्यामुळे ते जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही सापडतात आणि पालक कौतुकाने शाळेत आणून देतात. त्या काळच्या अनेक मास्कांच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असे. मूळ मास्क मुलांना कधीही तोंडावर लावू देऊ नये, त्यातून श्वास घेऊ देऊ नये आणि तो वर्गात हाताहाती फिरवू नये. हाताळण्यासाठी नवी प्रतिकृतीच वापरावी. ज्या वायुहल्ल्यांसाठी हे मास्क दिले, ते ब्रिटनवर कधी झालेच नाहीत. तरीही तान्ह्या बाळांसाठीही हाताने हवा भरण्याचे शिरस्त्राण दिले गेले होते. ते काचेमागे दिसले, तर आईला सतत भाता दाबत बसावे लागे एवढे सांगावे आणि पुढचे मुलांवर सोडावे.

सोपी करून सांगू नये अशी गोष्ट

या विषयावर एक तयार कथा सर्वत्र ऐकू येते: बॉम्ब पडत होते, तरी सगळे हसतमुख होते, सगळे एकमेकांना मदत करत होते. धैर्य आणि मदत खरीच होती. महिला स्वयंसेवी सेवेतील लाखो स्त्रियांनी अन्न, कपडे आणि आसरा पोहोचवला. डिसेंबर १९४१ पासून वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना कायद्याने युद्धकार्यासाठी बोलावले जाऊ लागले, आणि शेतीसाठी उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या दलाने देशाचे अन्न पिकवले. परंतु ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जवळजवळ सलग ५७ रात्री हल्ले झाले, १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्री शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, आणि मे १९४१ पर्यंतच्या या हल्ल्यांत ४० हजारांहून अधिक नागरिक मरण पावले. मुलांना भयानक तपशील द्यावेत असे मी म्हणत नाही. मात्र मृत्यू अजिबात न सांगता निवारा दाखवला, तर तो निवारा कशासाठी होता, हेच सांगायचे राहून जाते.

मुलांच्या स्थलांतराबाबतही तसेच आहे. १ सप्टेंबर १९३९ पासून तीनच दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून खेडोपाडी हलवले गेले आणि त्यांत शाळकरी मुलांची संख्या सर्वांत मोठी होती. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला एका मुलासाठी आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत. काहींना तेथे माया मिळाली, काहींना कामाला जुंपले गेले, आणि सभागृहात रांगेने उभे राहून आपली निवड होण्याची वाट पाहणे अनेकांच्या मनातून कधी गेले नाही. अपेक्षित हल्ले लगेच न झाल्याने जानेवारी १९४० पर्यंत निम्म्याहून अधिक जण परत आले होते. पुढे समुद्रापार पाठवण्याच्या योजनेतील ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबर १९४० रोजी अटलांटिक महासागरात बुडवले गेले. त्यावरील योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ मुले दगावली. काशीचे नाव असलेल्या त्या जहाजावर मोठ्या संख्येने भारतीय खलाशी होते आणि त्यांतीलही अनेक जण बुडाले. ही घटना मी प्राथमिक वर्गात थोडक्यात सांगते, मोठ्या वर्गांत सविस्तर.

यावरून आणखी एका मुद्द्याकडे जावे. दालनातील छायाचित्रांत सर्व चेहरे एकसारखे दिसले, तर मुलांनी ‘आणखी कोण होते?’ असे विचारावे. लंडनमध्ये हवाई हल्ल्यांच्या वेळी काम करणाऱ्या स्वयंसेवकांत भारतीय होते, फ्रान्समधील डंकर्क बंदरातून माघार घेऊन परतलेल्या भारतीय खेचर-पथकांचे जवान ब्रिटनमध्ये मुक्कामाला होते, आणि १९४० मध्ये ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून हजारो लोकांना, त्यांत नाझींपासून पळून आलेल्या ज्यूंनाही, स्थानबद्ध केले गेले होते. संग्रहालयात याची मांडणी नसेल, तर तसे नोंदवून ठेवावे आणि तेथील शिक्षकांना विचारावे. हा प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नाही.

परतल्यावर

पहिला तास चित्रांसाठी ठेवावा. प्रत्येकाने आपल्या वस्तूचे चित्र भिंतीवर लावावे, खाली आपल्याला काय नक्की कळले ते एका वाक्यात आणि काय कळले नाही ते दुसऱ्या वाक्यात लिहावे. ‘मी स्थलांतरित मूल आहे’ अशी काल्पनिक पत्रे लिहून घेण्याची प्रथा फार आहे. ती पत्रे लिहवून घ्यायचीच असतील, तर अट घालावी की पत्रातल्या तीन गोष्टी पाहिलेल्या वस्तूंवरून आलेल्या असाव्यात. अन्यथा सगळ्या पत्रांत तोच पाऊस आणि तीच रडणारी आई येते.

त्यानंतर संग्रहालयातला प्रश्न आपल्या गावात आणावा. शाळा जुनी असेल, तर तिच्या मुख्याध्यापकांनी ठेवलेली दैनंदिन नोंदवही जिल्हा अभिलेखागारात किंवा शाळेच्याच कपाटात असण्याची शक्यता असते. अशा वह्यांत किती मुले बाहेरगावाहून आली, भोंग्यामुळे किती वेळ वर्ग बंद राहिले, रात्री झोप न झाल्याने हजेरी किती घटली, अशा कोरड्या आणि म्हणूनच विश्वासार्ह नोंदी सापडतात. एका पानाची प्रत आणून वर्गात वाचली, तर संग्रहालयातील निवारा आणि आपला वर्ग यांच्यामधले अंतर एकदम कमी होते. २९ सप्टेंबर १९३९ रोजी झालेल्या राष्ट्रीय नोंदणीतून एखाद्या रस्त्यावर त्या दिवशी कोण राहत होते आणि काय काम करत होते, हेही पाहता येते. शंभर वर्षे पूर्ण न झालेल्या आणि हयात असू शकणाऱ्या व्यक्तींच्या ओळी त्यात झाकलेल्या असतात, आणि त्या का झाकल्या आहेत हे मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे. युद्धात मरण पावलेल्या नागरिकांच्या नावांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाकडे आहे आणि त्यात साठ हजारांहून अधिक नावे आहेत. आपल्या भागातील नावे शोधताना शिक्षकाने ती आधी एकट्याने वाचावीत, कारण वयाच्या रकान्यात महिने लिहिलेले असू शकतात.

शेवटी, अनुत्तरित प्रश्नांची यादी करून ती संग्रहालयाला पत्राने पाठवावी. पत्र मुलांनीच लिहावे, प्रश्न दोन-तीनच असावेत आणि कोणत्या वस्तूबद्दल आहेत ते चित्रासह कळवावे. उत्तराला काही आठवडे लागू शकतात, तोपर्यंत ती चित्रे भिंतीवरून काढू नयेत. आमच्या वर्गाने त्या निळ्या पुस्तिकेबद्दल विचारले होते. उत्तरात कोऱ्या चौकोनाचे कारण नव्हते, परंतु पुस्तिका कोणत्या भागातील घरातून आली ते कळवले होते, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही नकाशा घेऊन तो भाग शोधायला बसलो.